रस्त्यावरची पत

बँकेतील छत्तीस वर्षांच्या सेवेत माझ्या अकरा बदल्या झाल्या. नव्या गावी रुजू होताना भाड्याचे घर, मुलांची शाळा आणि दुधाचा रतीब या तीन गोष्टींची सोय पाहावी लागे. परंतु त्यांच्याही आधी एक गोष्ट शिकावी लागे, ती म्हणजे त्या गावचा रस्ता ओलांडणे. मुंबईत शिकलेली रीत पुण्यात चालत नाही आणि पुण्याची अहमदाबादेत चालत नाही. पहिले आठ दिवस एखाद्या स्थानिक माणसाच्या आडोशाने रस्ता ओलांडावा, तो थांबला की थांबावे, तो निघाला की निघावे, एवढाच उपाय. या निमित्ताने शहराशहरांतील वाहनचालकांच्या वागण्याकडे लक्ष देण्याची मला सवय लागली. प्रत्येक बाजारपेठेला जसा आपला एक स्वभाव असतो, तसा प्रत्येक शहराच्या उद्धटपणालाही असतो, असे माझे मत हळूहळू बनत गेले.

माझी पहिली नेमणूक १९८२ साली मुंबईच्या फोर्ट भागात झाली. दक्षिण मुंबईत रिक्षाला प्रवेश नाही. तिची हद्द माहीम आणि शीवपाशी संपते. त्यामुळे तेथील रस्त्यावर टॅक्सी, बेस्टची बस आणि खाजगी मोटार एवढेच खेळाडू, आणि तिघांनाही खेळाचे नियम ठाऊक. मुंबईचा चालक घाईत असतो, पण त्याची घाई हिशेबी असते. तो सिग्नलला थांबतो, कारण थांबण्यात वेळ कमी जातो हे त्याला अनुभवाने कळलेले असते. त्याचा उद्धटपणा दिसतो तो उड्डाणपुलाच्या तोंडाशी. शंभर गाड्या निमूट रांगेत उभ्या असताना एकजण डावीकडून सरळ पुढे जातो आणि शेवटच्या क्षणी नाक घालतो. रेशनच्या रांगेत हे कोणी खपवून घेतले नसते. दुसरा दोष भोंग्याचा. २०२० च्या आरंभी मुंबई पोलिसांनी यावर एक मजेदार तोड जाहीर केली होती. काही चौकांत ध्वनिमापक बसवून, आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जातील, अशी ती व्यवस्था होती. वाजवा भोंगा आणि थांबा आणखी. बँकेच्या भाषेत हे दंडव्याजच झाले.

पुण्यात मी तीन वेळा मिळून बारा वर्षे काढली. त्यामुळे पुण्याबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार आहे आणि थोडा अपराधही, तो पुढे येईलच. एकेकाळी हे सायकलींचे शहर होते. सायकलस्वाराला एकेरी मार्गाचा धाक नव्हता, बोळातून बोळात शिरावे आणि हवे तेथे निघावे, अशी त्याची मोकळीक होती. सायकल गेली, तिच्या जागी स्कूटर आली, मग मोटारसायकल आली, आणि ती मोकळीक मात्र तशीच राहिली. दहा किलोमीटरच्या वेगाला जे शोभले ते पन्नासला जीवघेणे ठरते, एवढा बदल कोणी ध्यानात घेतला नाही. पुणेकर चालकाचे वैशिष्ट्य असे की, नियम मोडण्यामागे त्याचे कारण तयार असते. उलट्या दिशेने आलेल्या गृहस्थाला थांबवून विचारावे तर वळसा कसा अकारण लांब आहे, पालिकेने दुभाजक कोठे चुकीचा टाकला आहे आणि मुळात तुम्ही विचारणारे कोण, हे तो क्रमवार मांडतो. जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीची मोहीम निघाली, तेव्हा तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले. डोके आमचे आहे, हा युक्तिवाद मी एका सुशिक्षित मित्राच्या तोंडून ऐकला. त्यावर त्याच्या सौभाग्यवतीने, डोके तुमचे असले तरी त्याची उस्तवार मला करावी लागेल, असे शांतपणे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी हेल्मेट आले.

आता माझा अपराध. नोव्हेंबर २००९ ची गोष्ट. मी पेठेतील एका शाखेचा व्यवस्थापक होतो. विभागीय कार्यालयातील बैठकीला निघालो होतो आणि उशीर झाला होता. चौकात मला हिरवा दिवा मिळाला, पण एक वृद्ध गृहस्थ पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमधच होते. मी भोंगा दाबून धरला. एवढ्यावर न थांबता काच खाली करून म्हणालो, "आजोबा, घरात कोणी नाही का सोबत यायला?" त्यांनी घाईने हात जोडल्यासारखे केले आणि पावले उचलली. त्या गडबडीत त्यांच्या एका पायातील चप्पल रस्त्यातच राहिली. मागच्या गाड्या ओरडू लागल्या होत्या. मी निघून गेलो.

नोव्हेंबर हा बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. निवृत्तिवेतनधारक स्वतः येतात, अधिकाऱ्यासमोर सही करतात आणि ही व्यक्ती जिवंत आहे असे आम्ही लिहून देतो. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तेच गृहस्थ माझ्या केबिनमध्ये आले. पायांत नव्या चपला होत्या. त्यांनी मला ओळखले नाही. त्यांनी काल एक पांढरी मोटार पाहिली होती, माणूस पाहिलाच नव्हता. मी उठून त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवले, दाखल्यावर सही केली. "साहेब, फार सौजन्याने वागता तुम्ही," असे म्हणून ते गेले. मी त्यांची क्षमा मागितली नाही. मागायला हवी होती, हे आज लिहिणे सोपे आहे. त्या वेळी धीर झाला नाही.

इतर शहरांविषयी थोडक्यात सांगतो. अहमदाबादेत मेहुणीच्या घरी वरचेवर जाणे होते. तेथे शिवीगाळ जवळजवळ ऐकू येत नाही, पण थांबतही कोणी नाही. उजवीकडे वळायचे असेल तर डावीकडून यायचे आणि सगळ्यांच्या समोरून हळूच आडवे जायचे. समोरच्याने थोडे सोडायचे, आपण थोडे सोडायचे. भावाची घासाघीस चालावी तसा तो चौक चालतो. दिल्लीत प्रशिक्षणासाठी दोन महिने होतो. तेथे गाडीच्या आकारावरून मान ठरतो, आणि धक्का लागला की चूक कोणाची यापेक्षा कोण कोणाचा आहे याची विचारणा आधी होते. नागपूरचे रस्ते रुंद, म्हणून वेग जास्त. मात्र मे महिन्याच्या दुपारी सिग्नलच्या रेषेवर कोणी नसते, पन्नास फूट मागे कडुनिंबाच्या सावलीत सगळे शिस्तीने उभे असतात. सावली दिली तर नागपूरकर कोणताही नियम पाळेल. बंगळूरला मुलगा राहतो. तेथे कोंडी एवढी की दुचाकीवाले पदपथावर चढतात आणि चालणाऱ्यालाच मागून भोंगा देतात. पुण्यातही एका ज्येष्ठ महिलेने पदपथावर आडवे उभे राहून अशा दुचाकीस्वारांना परत फिरवल्याची चित्रफीत काही वर्षांपूर्वी घरोघरी पाहिली गेली. आम्ही सर्वांनी त्या बाईंचे कौतुक केले. ते करणाऱ्यांत पदपथावरून गाडी नेणारेही असणार, याविषयी मला शंका नाही.

आणि तालुक्याची, जिल्ह्याची गावे? तेथे सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून वेगळीच तऱ्हा. दोन मोटारसायकली भर रस्त्यात शेजारी शेजारी थांबतात, मुलीच्या स्थळाची चौकशी होते, सोयाबीनचा भाव विचारला जातो, आणि मागे एसटीची बस नम्रपणे वाट पाहते. हा उद्धटपणा म्हणावा की जिव्हाळा, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही.

शिस्तीचे जे एकच उदाहरण मी डोळ्यांनी पाहिले ते मिझोरामच्या ऐझॉलमध्ये. एका शाखेच्या तपासणीसाठी गेलो होतो. डोंगरउतारावरचे शहर, रस्ते अरुंद, वाहने भरपूर. मोटारी एका रांगेत, दुचाकी दुसऱ्या रांगेत. समोरचा अर्धा रस्ता मोकळा असला तरी रांग सोडून कोणी पुढे जात नव्हते आणि भोंगा तर कानी पडलाच नाही. चौकात पोलीसही क्वचितच दिसला. तेथील शाखाधिकाऱ्याला मी कारण विचारले. तो हसून म्हणाला, पुढच्या गाडीत बहुधा माझ्या पत्नीचे मामा असतील.

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपण व्यापारी समाजाची माणसे. पेढीवर आपण कसे वागतो? गिऱ्हाईक कितीही खोचक बोलले तरी आवाज चढत नाही. उधारीची तारीख चुकत नाही. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला आपल्या दारातून ओढून घेणे हलके समजले जाते. हे सारे आपण केवळ कायद्याच्या भीतीने करीत नाही. उद्या त्याच माणसाला तोंड दाखवायचे असते म्हणून करतो. यालाच आपण पत म्हणतो. मोटारीत बसून काच वर केली की ही पत उंबऱ्याबाहेर राहते. समोरचा माणूस पुन्हा भेटणार नाही अशी खात्री असते, आणि त्यालाही आपले नाव ठाऊक नसते. मग जी व्यक्ती दुकानात हात जोडते तीच चौकात दात ओठ खाते. पण तो माणूस खरोखरच पुन्हा भेटत नाही काय? माझा अनुभव वेगळा आहे, आणि तो सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला.

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी माझी शाखा न्यायालयाच्या अगदी जवळ होती. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने मंजूर केलेली भरपाईची रक्कम बऱ्याचदा अशा शाखेत मुदत ठेवीत ठेवली जाते. सुसम्मा थॉमस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयी मार्गदर्शन केले आहे. अशिक्षित किंवा असहाय वारसाची फसवणूक होऊ नये म्हणून रक्कम दीर्घ मुदतीसाठी ठेवावी, व्याज दरमहा द्यावे, न्यायालयाच्या परवानगीवाचून ठेव मोडू नये व तिच्या तारणावर कर्ज देऊ नये, असा त्याचा आशय आहे. नियम योग्यच आहे. पण खिडकीच्या आत बसून तो राबवणे हे निराळे काम आहे.

त्या शाखेत एक तिशीतील विधवा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत असे. तिचे यजमान मोटारसायकलवरून कामावरून परतत असताना वळणावर समोरून ओलांडून आलेल्या मोटारीने त्यांना उडवले होते. तीन ठेवी होत्या. एक तिच्या नावे, दोन अज्ञान मुलांच्या नावे, ती १८ वर्षांची होईपर्यंत. व्याज घ्यायचे, त्यातून किराणा आणि भाडे भागवायचे. एका जूनमध्ये मुलीच्या शाळेचे पैसे भरण्यासाठी तिने ठेवीतून थोडी रक्कम मागितली. मी नियम सांगितला. न्यायालयात अर्ज करा, आदेश आणा. ती थोडा वेळ गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, पैसे माझेच ना?" मी होय म्हणालो. "मग मला त्यांच्यासाठी पुन्हा वकील लावायचा?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अर्जाचा मसुदा तेवढा मी स्वतः लिहून दिला.

ठेवीच्या कागदांना निवाड्याची प्रत जोडलेली असे. ती वाचण्याची तशी गरज नसते. मी वाचली. त्यात सामनेवाला क्रमांक १ म्हणून ज्यांचे नाव होते, ते स्वतःच मोटार चालवीत होते, आणि ते आमच्याच शाखेचे एक मानाचे खातेदार होते. नावगाव सांगत नाही. बँकेचा गोपनीयतेचा दंडक निवृत्तीनंतरही सुटत नाही. कॅश क्रेडिट खाते निर्मळ, स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत, एकही धनादेश कधी परत गेलेला नाही. पांजरपोळाला आणि दवाखान्याला सढळ हाताने देणारे. दाव्यात ते हजर झाले नव्हते. विमा कंपनीच्या वकिलाने काय ते पाहिले आणि कंपनीने पैसे भरले. त्यांच्या बाजूने विषय संपला होता.

एका सोमवारी शाखेत गर्दी होती. हे गृहस्थ भरणा करण्यासाठी बाकावर बसले होते, आणि त्याच वेळी ती बाई हातात पासबुक घेऊन आत आली. बसायला जागा नव्हती. ते तत्काळ उठले, "ताई, तुम्ही बसा," म्हणाले, आणि त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी तिलाच पुढे जाऊ दिले. "त्यांना लवकर सोडा हो, घरी मुले असतील," असे वर रोखपालाला सांगितले. तिने मान लववून आभार मानले. दोघांनीही एकमेकांना कधी पाहिलेले नव्हते. मी काचेच्या आतून हे पाहत होतो. ते गृहस्थ दुष्ट असते तर मला त्या दिवशी इतके अस्वस्थ वाटले नसते. बाकावरची जागा जितक्या सहज त्यांनी दिली, तितक्या सहज त्या वळणावर चार सेकंद दिले असते तर त्या ठेवी माझ्या शाखेत आल्याच नसत्या.

माणसाच्या जिवाची किंमत होत नाही असे आपण म्हणतो. न्यायाधिकरणाला ती करावीच लागते, आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्या हिशेबाची रीत सहज समजते. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निवाड्यांनी ती ठरवून दिली आहे. समजा, ३४ वर्षांचा छोटा दुकानदार, महिना १५,००० रुपयांची मिळकत, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षाचे १,८०,००० झाले. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा व्यवसाय म्हणून पुढील वाढीसाठी ४० टक्के धरायचे, म्हणजे २,५२,०००. अवलंबित चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चतुर्थांश वजा, राहिले १,८९,०००. या वयाला गुणक १६. गुणाकार ३०,२४,०००. शिवाय अंत्यविधीच्या खर्चासाठी आणि आणखी काही ठराविक बाबींसाठी थोडी रक्कम; प्रणय सेठीत अंत्यविधीचा आकडा १५,००० धरला होता. वय वाढते तसा गुणक उतरतो. पासष्टीच्या पुढे तो ५ आहे. माझा सध्या ५ चालू आहे, हे मी घरी गंमतीने सांगतो. ते ऐकून कोणी हसत नाही.

हा एका घराचा हिशेब झाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली; रोजची सुमारे ४६२. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. मागच्या आसनावरच्या माणसाला पट्टा लागत नाही, ही समजूतही अशीच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अंत झाला तेव्हा ते मागेच बसले होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर आमच्या परिचितांच्या गाड्यांत मागचे पट्टे दिसत होते. नंतर ते पुन्हा आसनाच्या फटीत गेले.

आपल्या घरांशी जवळून संबंध असलेल्या दोन गोष्टी मात्र मला विस्ताराने सांगायच्या आहेत, आणि वाचकांनी राग मानू नये. पहिली टेम्पोची. माल घेऊन पोऱ्या निघाला की दर दहा मिनिटांनी आपला फोन जातो, "कुठपर्यंत पोचलास?" तो एका हाताने चाक धरून उत्तर देतो, कारण शेठजींचा फोन न उचलण्याची त्याची छाती नसते. मग चौकात त्याने सिग्नल तोडला की आपण म्हणतो, ही पोरे बेदरकार आहेत. ती बेदरकारी पुष्कळदा गादीवरून निघालेली असते. शिवाय त्याच्याजवळ त्या गाडीचा वैध परवाना आहे काय, हे किती जणांनी डोळ्यांनी पाहिले आहे? परवाना नसला तर न्यायाधिकरण बऱ्याचदा असा हुकूम करते की, विमा कंपनीने वारसांना आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. वर केलेला गुणाकार मग कोणाच्या भांडवलातून जाईल, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

दुसरी मुलांची. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९ अ हे कलम घातले गेले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. अल्पवयीन मुलगा ती चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, म्हणून देशभर संताप झाला. आपणही संतापलो. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतील नववीतील दोन मुली आणि दहावीतील एक मुलगा स्कूटर घेऊन शिकवणीला जाताना मी पाहिले. मोटार महाग होती आणि स्कूटर स्वस्त, फरक एवढाच. कायद्याप्रमाणे सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्याच दुचाकीचा परवाना मिळू शकतो, आणि आपल्या दारातली स्कूटर त्याच्या दुप्पट क्षमतेची असते.

तिसरी एक गोष्ट राहिली. साधू-साध्वींना विहारात वाहनाची धडक बसल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. गेल्या हिवाळ्यात मी एका संघाबरोबर पुणे–सोलापूर महामार्गावर दोन दिवस पहाटेच्या विहारात चाललो. आम्ही पाच श्रावक, अंगात चमकत्या पट्ट्यांची जाकिटे, हातात विजेऱ्या, दोघे पुढे आणि तिघे मागे. चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकावे, हा त्यांच्या चालण्याचा नियम. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात २२ मीटर कापते. चार हातांचा हिशेब करणाऱ्याने तिच्यापासून कसे वाचावे? त्या दोन दिवसांत मी एक निरीक्षण केले. बहुतेक मालमोटारी दिवे मंद करून बाहेरच्या बाजूने जात. अंगावर येऊन भोंगा देत गेल्या त्या बहुतांशी खाजगी मोटारी. त्यांतील एकीच्या मागच्या काचेवर आपल्याच संघाचे चिन्ह लावलेले होते. माझ्या शेजारच्या तरुणाने क्रमांक टिपून घेण्यासाठी मोबाईल काढला. महाराजांनी हातानेच त्याला नको म्हणून खुणावले.

आमच्या घरचा प्रश्न यंदा जूनमध्ये उभा राहिला. नातू सोळा पूर्ण झाला आणि त्याने स्कूटरची चावी मागितली. सूनबाईंचे म्हणणे, शिकवणी साडेपाचला सुटते, रिक्षा मिळत नाही, आणि वर्गातील निम्मी मुले गाडीनेच येतात. मुलगा फोनवरून म्हणाला, "बाबा, गल्लीतल्या गल्लीत नेऊ द्या." नातू स्वतः काही बोलला नाही, पण त्याचे तोंड उतरले होते. मी त्या बाईंची गोष्ट त्याला सांगितली, तीन ठेवींसह. ती ऐकून त्याने एकच प्रश्न विचारला, "आजोबा, त्या मुलीची फी भरली गेली का?" भरली गेली होती; न्यायालयाचा आदेश जुलैच्या अखेरीस आला.

अठरा पूर्ण होईपर्यंत त्याला मी सोडायचे आणि आणायचे, असे शेवटी ठरले. त्याच्यासाठी दुसरे हेल्मेट घेतले. रोज पाचला आम्ही निघतो. मी अगदी सावकाश चालवतो अशी त्याची तक्रार आहे. गेल्या आठवड्यात मात्र पाऊस येईल म्हणून मी थोडी घाई केली, आणि चौक ओलांडल्यावर मागून आवाज आला, "आजोबा, दिवा पिवळा झाला होता."